उपाशी माती आणि तणाचं औषध

सोयाबीन चाळीस-पंचेचाळीस दिवसांचं झालं की एक झाड मुळासकट काढून पाहावं. हाताने ओढू नये. काळ्या जमिनीत झाड ओढलं की गाठी मातीतच राहतात आणि हाती नुसतं सोटमूळ येतं. फावड्याने चारी बाजूंनी वीतभर माती धरून ढेकूळ उचलावं, बादलीत अर्धा तास भिजू द्यावं आणि पाण्यातच हलवून मुळं मोकळी करावीत. मुळांवर लहान-मोठ्या गोल गाठी दिसतात. त्यातली एक नखाने चिरली की आत गुलाबी-लाल रंग दिसतो. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातला. गाठीतल्या ब्रॅडिरायझोबियम जिवाणूंना हवेतला नत्र बांधायचा असतो, पण जास्तीचा ऑक्सिजन लागला की त्यांचं ते काम बंद पडतं. ऑक्सिजन बेताने पोचवण्याचं काम हे लाल द्रव्य करतं. गाठ आतून हिरवट, पांढरी किंवा तपकिरी निघाली तर ती एकतर अजून कामाला लागलेली नाही, नाहीतर तिचं काम संपलं आहे.

नागपूर जिल्ह्यातल्या सावनेर, काटोल, उमरेडकडच्या कितीतरी वावरांत त्याआधी तीनेक आठवडे इमॅझेथापायर हे तणनाशक फवारलेलं असतं. फवारणीनंतर सोयाबीन आठ-दहा दिवस पिवळसर पडतं, मग हिरवं होतं आणि पीक सावरलं म्हणून सगळे निश्चिंत होतात. खाली मुळाशी काय झालं हे मात्र ती गाठ चिरल्याशिवाय कळत नाही. ‘तणनाशकाने जमीन मरते’ असं म्हणणारे आणि ‘काही होत नाही’ असं म्हणणारे, दोघेही बहुतेक वेळा गाठ न चिरताच बोलतात.

तणनाशक हा शब्दच घोटाळा करतो. एकाच औषधाचं नाव असल्यासारखा तो वापरला जातो. कृषी केंद्राच्या फळीवर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या बाटल्या मात्र तणाला अगदी वेगवेगळ्या ठिकाणी गाठतात. जिवाणूंचं काय होणार हे पुष्कळसं त्या ठिकाणावर ठरतं. पेंडीमेथालिन पेशी दुभंगताना लागणाऱ्या सूक्ष्म नळ्या बनू देत नाही. तशा नळ्या जिवाणूंकडे नसतातच, म्हणून त्यांना त्याचा थेट फटका कमी. क्विझालोफॉप गवतवर्गीय तणांमधलं चरबी बनवणारं एक एन्झाइम बंद पाडतं. जिवाणूंकडे त्याच कामाचं एन्झाइम वेगळ्या घडणीचं असतं, रुंद पानांच्या झाडांसारखं, त्यामुळे सोयाबीन वाचतं आणि जिवाणूही बरेचसे वाचतात.

ग्लायफोसेट आणि इमॅझेथापायर यांची गोष्ट निराळी. ग्लायफोसेट ज्या एन्झाइमला अडवतं, त्याच्यावाचून फिनाइलॲलानिन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन ही तीन अमिनो आम्लं बनत नाहीत. माणसात आणि जनावरांत हा मार्गच नसतो, जिवाणूंमध्ये असतो. इमॅझेथापायर, क्लोरिम्युरॉन आणि डायक्लोसुलाम ही तिन्ही औषधं ॲसिटोलॅक्टेट सिंथेज नावाचं दुसरं एन्झाइम अडवतात. त्यावर व्हॅलिन, ल्युसिन आणि आयसोल्युसिन अवलंबून असतात. तेही जिवाणूंमध्ये असतं. ग्लायफोसेटचा तणनाशक गुण जॉन फ्रान्झ यांनी 1970 मध्ये ओळखला, पण ते नेमकं कुठे वार करतं हे 1980 मध्ये कळलं, आणि ते कळलं जिवाणूतून काढलेल्या एन्झाइमवर. क्लोरिम्युरॉन ज्या सल्फोनिलयुरिया गटातलं आहे, त्या गटाचं लक्ष्य 1984 मध्ये साल्मोनेला या जिवाणूतच सापडलं. ही औषधं तणाला कशी मारतात हे माणसाला आधी जिवाणूंनी सांगितलं. तेव्हा शेतातल्या जिवाणूंवर त्यांचा परिणाम होत असेल का, ही शंका कुणाला खुळी वाटू नये.

परिणाम सगळ्यांवर सारखा मात्र होत नाही. ग्लायफोसेटच्या लक्ष्याचे जिवाणूंमध्ये ढोबळमानाने दोन प्रकार आहेत, एक चटकन बंद पडणारा आणि दुसरा दाद न देणारा. दाद न देणारा प्रकार ॲग्रोबॅक्टेरियमच्या सीपी-4 या वाणात सापडला आणि त्याचंच जनुक तणनाशक सहन करणाऱ्या पिकांमध्ये घातलं गेलं. विदर्भात परवानगी नसताना चोरून विकल्या जाणाऱ्या एचटीबीटी कापसाच्या बियाण्याचा सगळा भर ग्लायफोसेट सहन करण्यावरच आहे. सोयाबीनच्या गाठीतल्या ब्रॅडिरायझोबियमकडे मात्र चटकन बंद पडणारा प्रकार आहे. अमुक तणनाशकाने मातीतले एकूण जिवाणू कमी झाले का, या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं येऊ शकतं आणि तरीही आत बरीच उलथापालथ झालेली असते. काही वंश मागे पडतात, काही त्यांच्या जागी पसरतात, आणि बेरीज तेवढीच राहते.

आता मात्रेचा हिशेब. एक हेक्टरमधल्या वरच्या 5 सेंटिमीटर मातीचं वजन सुमारे 650 टन भरतं. सोयाबीनमध्ये इमॅझेथापायरची शिफारस हेक्टरी 100 ग्रॅम क्रियाशील घटकाची आहे. ते सगळं या थरात सारखं मिसळलं असं धरलं, तर किलोभर मातीला 0.15 मिलिग्रॅम येतं. क्लोरिम्युरॉन हेक्टरी अवघं 9 ग्रॅम, म्हणजे किलोला 0.014 मिलिग्रॅम. ग्लायफोसेट हेक्टरी एक किलो धरलं तर दीड मिलिग्रॅम. यातला छोटा आकडा पाहून हायसं वाटून घेण्यात अर्थ नाही. क्लोरिम्युरॉन ग्लायफोसेटच्या शंभराव्या हिश्शात आपलं काम करतं. शिवाय प्रत्यक्षात औषध 5 सेंटिमीटरमध्ये सारखं मिसळत नाही. फवारणीनंतर पहिल्या पावसापर्यंत ते वरच्या एक सेंटिमीटरमध्येच असतं आणि तिथे मात्रा पाचपट असते.

शिफारशीच्या मात्रेत, ओलाव्याच्या आणि बऱ्या सेंद्रिय कर्बाच्या जमिनीत, बहुतेक तणनाशकांचा जिवाणूंच्या एकूण वस्तुमानावर आणि श्वसनावर होणारा परिणाम थोडा आणि काही आठवड्यांचा असतो, असंच जगभरच्या प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. हे मला मान्य आहे. माझा जीव अडकतो तो ‘बऱ्या सेंद्रिय कर्बाच्या’ या तीन शब्दांवर. सेंद्रिय कर्ब म्हणजे कुजलेल्या पाल्या-शेणातून मातीत येणारा कार्बन.

प्रयोगशाळेतला एक धडा इथे कामाला येतो. जिवाणू मोजण्याची जुनी पद्धत अशी: 10 ग्रॅम माती 90 मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात ढवळायची, त्यातलं 1 मिलिलिटर पुढच्या 9 मिलिलिटरमध्ये, असं दहा-दहापटीने पातळ करत न्यायचं आणि 0.1 मिलिलिटर अगारच्या थाळीवर पसरायचं. ज्या थाळीवर 30 ते 300 वसाहती येतील तीच मोजायची. एक लाखपट पातळ केलेल्या नळीतून 62 वसाहती आल्या, तर ग्रॅमला 6 कोटी 20 लाख. बरं, थाळीवर उगवतात ते मातीतल्या जिवाणूंपैकी जेमतेम शंभरात एक. आता या थाळीत तणनाशक घालून ‘पाहा, काही परिणाम नाही’ असं दाखवणं फार सोपं आहे. नेहमीच्या न्यूट्रिएंट अगारमध्ये पेप्टोन असतं आणि पेप्टोन म्हणजे तयार अमिनो आम्लांचं ताट. ज्याला अमिनो आम्लं आयती मिळतात, त्याची ती बनवायची वाट अडवली तरी त्याचं काय बिघडणार? हेच औषध फक्त ग्लुकोज आणि क्षार असलेल्या साध्या माध्यमात घातलं की तेच जिवाणू तडफडतात.

माझ्या मते सगळ्या विषयाची मेख इथे आहे. शेणखत, कुजलेला पाला, जिवंत मुळांतून झिरपणारा रस यांनी भरलेली माती म्हणजे पेप्टोनची थाळी. तिथल्या जिवाणूंना आजूबाजूने काही ना काही मिळत राहतं आणि औषधाचा वार बोथट होतो. जिची पऱ्हाटी (कापसाच्या वाळक्या काड्या) दरवर्षी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जळते, जिचं कुटार (सोयाबीनचा भुसा) दरवर्षी बाहेर जातं, ती माती साध्या माध्यमासारखी. नागपूर जिल्ह्यातल्या कापूस-सोयाबीनच्या कोरडवाहू जमिनींत सेंद्रिय कर्ब बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आसपास घुटमळतो. त्यामुळे एकच बाटली, एकच मात्रा, पण दोन वावरांत दोन परिणाम.

आणि याची दुसरी बाजू तेवढीच महत्त्वाची आहे. मातीतलं तणनाशक संपवतं कोण? थोडं उन्हाने जातं, थोडं पाण्यात फुटतं, पण मोठा वाटा जिवाणूंचा. ग्लायफोसेटच्या रेणूतला फॉस्फरस तोडून वापरणारे जिवाणू आहेत. काही जण त्याचं आम्पा नावाच्या द्रव्यात रूपांतर करतात आणि ते आम्पा मूळ औषधापेक्षा जास्त दिवस रेंगाळतं. इमॅझेथापायर मुख्यतः जिवाणूंच्याच हातून संपतं. ओल आणि ऊब असेल तर वेगाने, नसेल तर दोन-तीन महिने आणि त्याहूनही जास्त घेऊन. उपाशी मातीत औषध जिवाणूंना जास्त लागतं आणि ते पचवायला तिथे हातही कमी असतात.

पॅराक्वाट या चौकटीत बसत नाही. काळ्या मातीतली स्मेक्टाइट चिकणमाती त्याला आपल्या पापुद्र्यांमध्ये असं धरून ठेवते की जिवाणूही त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. ते वर्षानुवर्षं राहतं, पण निष्क्रिय. गढूळ पाण्यात कालवलेलं पॅराक्वाट किंवा ग्लायफोसेट काम करत नाही त्याचंही कारण हेच, पंपातच मातीचे कण औषध धरून बसतात. नाल्याचं पाणी वापरून ‘औषध हलकं निघालं’ म्हणत मात्रा वाढवण्यापेक्षा पाणी निवळून घ्यावं. पॅराक्वाटची भीती माणसासाठी बाळगावी, पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही.

काळ्या जमिनीचा सामू (पीएच) साधारण 7.5 ते 8.5. हा आकडा सल्फोनिलयुरिया गटासाठी निर्णायक आहे. क्लोरिम्युरॉनसारखी औषधं आम्लधर्मी मातीत पाण्यामुळे आपोआप फुटतात. सामू वाढत गेला की हे फुटणं मंदावतं आणि औषध लांबतं. या गटातल्या औषधांमुळे नत्राचं चक्र, म्हणजे नत्र बांधणं, सेंद्रिय नत्र मोकळा होणं आणि अमोनियाचं नायट्रेट होणं, मंदावण्याची उदाहरणं मुख्यतः क्षारधर्मी आणि कमी कर्बाच्या जमिनींतलीच आहेत. म्हणजे आपल्यासारख्याच. अमोनिया-नायट्रेटचं काम करणारे जिवाणू मुळात थोडे, हळू वाढणारे आणि पर्यायी अन्न नसलेले. बाकीच्या गर्दीत एक वंश बसला तर दुसरा त्याचं काम उचलतो, इथे उचलणारे कमीच.

म्हणून आयात केलेल्या निष्कर्षांवर समाधान मानू नये असं मला कळकळीने वाटतं. तणनाशकं आणि मातीतले जिवाणू यांवरचं पुष्कळ लिखाण थंड हवेतल्या, जास्त कर्बाच्या जमिनींवरचं आहे. मे महिन्यात हवाच 45 अंशांच्या पुढे जाते, जमिनीला हात घालता येईल अशा भेगा पडतात आणि मग जूनमध्ये एका रात्रीत सगळं भिजतं, अशा जमिनीचं उत्तर त्यात मिळणार नाही. नागपुरात हा प्रश्न विचारायला लागणारं सगळं हाताशी आहे. वर्धा रोडला केंद्रीय कापूस संशोधन संस्था, अमरावती रोडला देशाच्या मातीचे नकाशे करणारा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो, दोन्ही 1976 पासूनचे, आणि 1906 पासूनचं कृषी महाविद्यालय.

प्रश्न विचारण्याची पद्धत मात्र नीट हवी. सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. फवारलेला तुकडा आणि न फवारलेला तुकडा, अशी जोडी लावून तुलना केली की निकाल चुकतो. न फवारलेल्या तुकड्यात तण उभं असतं आणि त्याची जिवंत मुळं जिवाणूंना रोज साखर, आम्लं, अमिनो आम्लं पाजत असतात. फवारलेल्या तुकड्यात ही मुळं मेली. जिवाणू कमी दिसले तर ते विषाने की उपासमारीने? तीन तुकडे हवेत: तणासहित, निंदण करून तण काढलेला आणि फवारलेला. निंदलेल्या आणि फवारलेल्या तुकड्यांतला फरक तेवढा औषधाचा. बहुतेक वेळा तणासहित आणि निंदलेल्या तुकड्यांतलाच फरक जास्त मोठा निघतो. वावर पिकाव्यतिरिक्त पूर्ण नागडं ठेवणं, मग ते खुरप्याने असो की औषधाने, जिवाणूंना महागात पडतं.

वेळेचाही सापळा आहे. फवारणीनंतर आठवड्याभराने मोजलं तर जिवाणूंची संख्या आणि श्वसन कधी कधी चक्क वाढलेलं दिसतं. मेलेल्या तणाच्या मुळांची ती मेजवानी असते. तेवढ्यावरून ‘औषधाने जिवाणू वाढले’ असा निष्कर्ष निघतो आणि साठाव्या दिवशी, मेजवानी संपल्यावर, मोजायला कुणी जात नाही. नमुना फवारणीआधी, सातव्या, तिसाव्या आणि साठाव्या दिवशी घ्यावा, 0 ते 5 आणि 5 ते 15 सेंटिमीटर असा वेगवेगळा. माती परीक्षणाचा नमुना सावलीत वाळवतात, जिवाणूंचा वाळवायचा नाही. तो बर्फाच्या डब्यात, 4 अंशांच्या आसपास, शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेला नमुना फेकून द्यावा. आकडा कोरड्या वजनाच्या ग्रॅममागे काढावा, कारण काळी माती ओली असताना आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं पाणीही सहज धरते. हल्ली मातीतला डीएनए वाचून कोणते वंश किती टक्के आहेत हे कळतं, पण मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही काही काळ मातीत टिकतो आणि टक्केवारीवरून एकूण संख्या कळत नाही. त्याच्या जोडीला डिहायड्रोजनेज या जिवंत पेशींतल्या एन्झाइमची चाचणी करावी. मातीत टीटीसी नावाचं बिनरंगी रसायन घालून 24 तास ऊब दिली की जिवंत पेशी त्याचं लाल द्रव्य करतात. जितका गडद लाल, तितकं काम चालू.

शिफारशीच्या मात्रेबद्दल एवढं बोलून झालं, पण वावरात मात्रा शिफारशीची पडते का? इमॅझेथापायर 10 टक्के एकरी 400 मिलिलिटर, पाणी 200 लिटर. 16 लिटरच्या पंपाला हे 32 मिलिलिटर होतं आणि एकराला साडेबारा पंप लागतात. मोजमाप नसलं की झाकणाने 50 मिलिलिटर जातं आणि एकरी मात्रा 625 मिलिलिटरवर पोचते. उलट बॅटरीच्या पंपाने घाईत चालून आठ पंपांत एकर उरकला तर 256 मिलिलिटरच पडतं, तण वाचतं आणि आठ दिवसांनी पुन्हा फवारा होतो. धुऱ्याजवळ वळताना पंप चालूच राहतो, तिथे मात्रा दुप्पट. आणि विहिरीजवळची औषध कालवायची जागा! तिथे 100 मिलिलिटर औषध चौरस मीटरभर जागेत सांडलं, तर 10 ग्रॅम पडलं. शिफारस चौरस मीटरला 0.01 ग्रॅमची. हजारपट. शिफारशीच्या मात्रेवरचे सगळे दिलासे त्या जागेला लागू नाहीत.

पंपाचं माप काढायला दहा मिनिटं पुरतात. 10 मीटर बाय 10 मीटरचा चौकोन आखावा, पंपात 10 लिटर साधं पाणी मोजून घ्यावं, नेहमीच्या चालीने चौकोन फवारावा आणि उरलेलं पाणी मोजावं. किती गेलं त्याला 40 ने गुणलं की एकराचं पाणी मिळतं. 5 लिटर गेलं तर 200 लिटर, बरोबर. 3 लिटर गेलं तर चाल कमी करायची किंवा नोझल बदलायचं. तणनाशकाला पंख्यासारखा पसरट फवारा देणारं नोझल लागतं, कीटकनाशकाचं गोल फवाऱ्याचं नाही.

दुसरी चूक कृषी केंद्रातल्या सल्ल्यातून येते. पेरणीबरोबर डायक्लोसुलाम, पुढे इमॅझेथापायर, आणि रुंद पानांचं तण राहिलं तर त्यात क्लोरिम्युरॉन. तीन बाटल्या, तीन नावं, पण लक्ष्य एकच. जिवाणूंच्या त्याच एन्झाइमवर एका हंगामात तीनदा घाव, आणि तणातही प्रतिकार तयार होण्याला आमंत्रण. सुरुवातीला डायक्लोसुलाम मारलं असेल तर पुढचं काम डवरणीने (ओळींमध्ये डवरा, म्हणजे बैलाचं कोळपं, चालवून) किंवा क्विझालोफॉपसारख्या वेगळ्या लक्ष्याच्या औषधाने करावं. कापसात ओळींमधलं अंतर 90 सेंटिमीटर असेल तर पेंडीमेथालिन ओळीवरच्या 30 सेंटिमीटर पट्ट्यात मारून मधल्या जागेत डवरा चालवता येतो. औषध एक तृतीयांश लागतं आणि उरलेली माती मोकळी राहते.

संत्र्याच्या बागांबद्दल वेगळी काळजी आहे. काटोल-नरखेडकडे झाडाखालच्या आळ्यात वर्षातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षं त्याच वर्तुळात ग्लायफोसेट मारलं जातं. औषधाच्या लेबलवर मंजुरी चहाच्या मळ्यांसाठी आणि बिगरपिकाच्या जागेसाठी आहे, संत्र्यासाठी नाही. शिवाय ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने ते फक्त कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच वापरावं असा आदेश काढला. तण काढायचंच तर आळ्यात ते कापून तिथेच पसरावं. मुळं जिवंत राहतात, वर आच्छादन होतं.

बियाण्याला रायझोबियम, म्हणजे गाठी करणारे जिवाणू, लावणाऱ्यांसाठी एक क्रम: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी जिवाणू, 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरणी. जिवाणू खत आळवणीने द्यायचं असेल तर तणनाशकाच्या दिवशी देऊ नये, एखादा चांगला पाऊस मध्ये जाऊ द्यावा.

सोयाबीन निघाल्यावर जुलैतलं औषध मातीत उरलं आहे का, हे कळायला प्रयोगशाळाच हवी असं नाही. रब्बीत मोहरी किंवा मका घेणाऱ्याने तर हे करावंच, कारण इमॅझेथापायरचा उरलेला अंश या दोघांना लगेच लागतो. ऑगस्टमध्ये पावसाचा मोठा खंड पडला असेल तर अंश उरण्याची शक्यता जास्त. वावराच्या मध्यातून, धुऱ्याजवळच्या वळणावरून आणि कधीच न फवारलेल्या जागेतून वरची 10 सेंटिमीटर माती घ्यावी. तीन कुंड्या भराव्यात, प्रत्येकीत मोहरीचे दहा दाणे पेरावेत, तिन्हींना सारखं पाणी आणि सारखं ऊन. बाराव्या-चौदाव्या दिवशी रोपं धुऊन मुळांची लांबी मोजावी. औषध उरलेलं असेल तर मुळं आखूड राहतात, बाजूची मुळं फुटत नाहीत आणि वरची पानं पिवळी पडून आक्रसतात. मधल्या कुंडीतली मुळं न फवारलेल्या कुंडीएवढीच निघाली आणि धुऱ्याजवळची आखूड निघाली, तर दोष बाटलीचा नसून वळताना चालू राहिलेल्या पंपाचा. मध्यातलीही आखूड निघाली, तर त्या वावरात यंदा हरभरा, मोहरी काहीही टाकण्याआधी एकरी दोन टन कुजलेलं शेणखत मिसळून, एक ओलीत देऊन तीन आठवडे थांबावं आणि कुंड्या पुन्हा भराव्यात.